सूर्यास्त कायदा : सारा थकला की जमिनीचा लिलाव

ब्रिटिश काळातील बंगालमध्ये जमीनदारांकडून सारा वसूल करण्यासाठी केलेल्या कडक तरतुदीला 'सूर्यास्त कायदा' म्हणतात. ठरलेल्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत पूर्ण सारा भरला नाही, तर जमीनदारीचा लिलाव होत असे.

सुरुवात कशी झाली?
१७९३ मध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड कॉर्नवॉलिसने बंगाल आणि बिहारमध्ये कायमधारा पद्धत लागू केली. शेतकऱ्यांकडून मिळणाऱ्या खंडाचे साधारण ११ पैकी १० भाग ईस्ट इंडिया कंपनीचे, उरलेला एक जमीनदाराचा, असा हिशोब होता. साऱ्याची रक्कम कायमची ठरली. पूर आला, पीक बुडाले, तरी सूट नव्हती.

जमीन कुणी घेतली?
नदिया, राजशाही, बिष्णुपूर अशी मोठी घराणी थकबाकीत सापडली आणि त्यांच्या जमिनी विकल्या गेल्या. घेणाऱ्यांत व्यापारी, सरकारी नोकर आणि इतर जमीनदार होते.

पण सगळेच लिलाव खरे नव्हते. १७९७ मध्ये बर्दवानच्या राजाच्या जमिनी विकल्या गेल्या, तेव्हा बहुतेक खरेदीदार त्याचेच नोकर आणि हस्तक निघाले. त्याने काही जमीन आधीच आईच्या नावावर केली होती, कारण स्त्रियांची मालमत्ता कंपनी जप्त करत नसे.

शेतकऱ्यांचे काय झाले?
लिलाव जमीनदारीचा होत असला, तरी त्याचा भार कसणाऱ्यांवर पडला. सारा वेळेवर भरता यावा म्हणून १७९९ च्या सातव्या नियमाने जमीनदारांना थकबाकीदार कुळांचे पीक आणि गुरे जप्त करण्याचे जादा अधिकार दिले. बर्दवानमध्ये जमीनदाराखाली 'पत्तनीदार' हा मध्यस्थांचा आणखी एक थर तयार झाला. १८१९ मध्ये त्याला कायद्याची मान्यता मिळाली. प्रत्येक थराचा वाटा अखेर शेतातूनच निघत होता.

मुंबई इलाख्यात काय होते?
इथे प्रामुख्याने रयतवारी पद्धत होती. सारा थेट खातेदाराच्या नावावर असल्याने त्याचे शेतच धोक्यात येई. मुंबई जमीन महसूल अधिनियम, १८७९ नुसार थकबाकीदाराची जमीन सरकारजमा करून विकता येत असे. त्या वेळी याच इलाख्यात असलेल्या बारडोलीत १९२८ मध्ये साराबंदी सत्याग्रह झाला, तेव्हा सरकारने हेच हत्यार उपसले. वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी ठाम राहिले. समझोत्यानंतर त्यांना जमिनी परत मिळाल्या.