चांद सुलतानेचे घरचे वैरी

बदनापूरहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीतून दौलताबादचा किल्ला दिसू लागला, की डब्यात कोणीतरी रामदेवरायाची गोष्ट काढतोच. निजामशहांची मात्र कोणी काढीत नाही. वास्तविक १४९९ पासून हा किल्ला त्यांचा. त्या घराण्यातले एकच नाव लेकराबाळांनाही ठाऊक असते, ते चांदबिबीचे. तटाला खिंडार पडले, गोळे संपले, तेव्हा तिने तोफांतून सोन्यारुप्याची नाणी डागली! नाण्यांची गोष्ट दंतकथेत जमा करावी. खिंडार मात्र खरे. आणि त्याहून मोठी खिंडारे तटाच्या आत होती.

त्याच सुमारास दूर विलायतेत राणी एलिझाबेथ अशाच काट्यांवर बसली होती. ती प्रॉटेस्टंट पंथाची. म्हणून १५७० साली पोपने तिला धर्मबाह्य ठरवून प्रजेला तिच्या आज्ञेतून मोकळे केले. कॅथलिकांच्या आशा तिच्याच नात्यातल्या मेरी स्टुअर्टवर खिळल्या. कटामागून कट झाले. अखेर बिअरच्या पिंपातून जाणारी मेरीची पत्रे एलिझाबेथच्या हेरांनी वाचली आणि १५८७ मध्ये मेरीचे मस्तक उडाले. पुढल्याच वर्षी स्पेनच्या फिलिपचे आरमार चालून आले व परतले. हा फिलिप आपल्यालाही अगदीच परका नव्हे. १५८० पासून पोर्तुगाल त्याच्याकडे, म्हणजे आपले चौलही त्याचेच. आणि १५९४ साली त्याच्या पोर्तुगीजांनी बुऱ्हाण निजामशहाकडून कोर्लईचा डोंगर जिंकून घेतला.

चांदबिबी ही हुसेन निजामशहाची लेक, विजापूरच्या अली आदिलशहाची बेगम. १५८० साली नवऱ्याचा खून झाला. नऊ वर्षांच्या पुतण्याला गादीवर बसवून ती कारभार पाहू लागली, तोच किश्वरखान नावाच्या सरदाराने तिला साताऱ्याच्या किल्ल्यात कोंडले. सुटून आली, पुढे माहेरी अहमदनगरला गेली. (आज त्याला अहिल्यानगर म्हणतात.) पण माहेरी तरी कोठला विसावा!

१५९५ मध्ये तिचा भाचा सुलतान इब्राहीम लढाईत पडला आणि एका गादीला चार धनी उभे राहिले. दखनी मियाँ मंजूने अहमद नावाचा पोरगा पुढे केला, हबशी इखलासखानाने मोतीला, अभंगखानाने सत्तर वर्षांच्या शहा अलीला. चांदबिबीने हात धरला तो इब्राहीमच्या तान्ह्या बहादूरचा. मंजूने तर कमालच केली. आपले जमेना म्हणून त्याने अकबराचा मुलगा मुराद यालाच मदतीला बोलावले! मागाहून पस्तावला, पण पाहुणा दारात येऊन ठेपला होता.

डिसेंबरात वेढा पडला. मोगलांनी तटाखाली सुरुंग खणले. त्यांच्याच छावणीतल्या एका माणसाने ही खबर आत पोचविल्याने काही सुरुंग निकामी करता आले. तरी फेब्रुवारी १५९६ मध्ये एक उडाला आणि तटाचा मोठा तुकडा कोसळला. बुरखा घेतलेली, अंगात चिलखत, हाती नंगी तलवार अशी चांदबिबी खिंडारात उभी राहिली. पळू लागलेले शिपाई शरमून माघारी वळले, आणि रातोरात भिंत पुन्हा चढली. शेवटी वऱ्हाड देऊन तह झाला, बहादूर सुलतान ठरला.

मग पेशवा केलेला महंमदखानच डोईजड झाला. त्याच्या जागी आलेला अभंगखानही उलटला, तेव्हा बहादूरला घेऊन ती किल्ल्याचे दरवाजे लावून बसली. एलिझाबेथपाशी बर्ले, वॉल्सिंगहॅम यांसारखे मुरलेले मंत्री होते. हिच्या दरबारात विश्वास टाकावा असे कोणी उरले नव्हते. माझ्या मते दोघींतला फरक शौर्याचा नव्हे, माणसांचा.

१६०० साली शहाजादा दानियाल चालून आला. आता लढणे व्यर्थ आहे, किल्ला देऊन बहादूरचा जीव वाचवावा, असे तिने हमीदखान या खोजाजवळ बोलून दाखविले. तो ओरडतच बाहेर धावला : राणी मोगलांना फितूर झाली! पिसाळलेल्या जमावाने महालात शिरून तिला ठार केले. थोड्याच दिवसांत, ऑगस्टमध्ये, किल्ला पडला आणि लहानग्या बहादूरची रवानगी ग्वाल्हेरच्या कैदेत झाली. त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी एलिझाबेथने ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदेवर मोहोर उठविली.

नगरला गेलात तर शहाडोंगरावरचा ‘चांदबिबीचा महाल’ लोक हौसेने दाखवितात. तीन मजली, अष्टकोनी, वारा भणाणणारा. ती इमारत तिची नव्हे. सलाबतखान नावाच्या एका वजिराची कबर आहे.