गाठ आणि गुंता

मराठीत ‘गाठ’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. दोऱ्याला पडते तीही गाठ आणि शरीरात वाढते तीही गाठच. मेंदूतील रक्तवाहिन्यांच्या एका विकृतीचा इतिहास या दोन अर्थांमधूनच वाचता येतो.

निरोगी मेंदूत रोहिणीतले रक्त केशवाहिन्यांच्या जाळ्यातून संथ होत नीलांमध्ये उतरते. या विकृतीत मधले जाळेच नसते. रोहिणी थेट नीलेला मिळते, नीलेच्या पातळ भिंतीला न पेलणारा दाब येतो आणि फुगलेल्या वाहिन्यांचा गुंता होतो. तो फुटला की मेंदूत रक्तस्राव होतो.

एकोणिसाव्या शतकातील विकृतिशास्त्राने या गुंत्याला अर्बुदांच्या पंक्तीत बसवले. हार्वे कुशिंग आणि पर्सिव्हल बेली यांच्या १९२८ च्या ग्रंथाच्या नावातही ‘अर्बुदे’ हाच शब्द होता. मात्र आत त्यांनी खरी अर्बुदे आणि अशा विकृती वेगळ्या काढल्या. हा भेद केवळ वर्गीकरणाचा नव्हता. अर्बुद म्हटले की ते कापून काढणे ओघानेच येते. स्पंदणाऱ्या रक्तवाहिन्यांना सुरी लावणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण होते.

आधी पाहणे आवश्यक होते. लिस्बनमध्ये एगाश मोनिझ यांनी १९२७ मध्ये मानेतील रोहिणीत क्ष-किरणांना अपारदर्शक द्रव सोडून जिवंत माणसाच्या मेंदूतील रक्तवाहिन्यांचे चित्र मिळवले. स्टॉकहोममध्ये हर्बर्ट ऑलिव्हेक्रोना यांनी १९३२ मध्ये असा एक गुंता संपूर्ण काढून दाखवला. लार्स लेक्सेल यांनी १९५१ मध्ये कवटी न उघडता किरणांच्या एकवटलेल्या झोताने उपचार करण्याची कल्पना मांडली. पुढे ती या विकृतीसाठीही वापरली गेली. किरणांमुळे वाहिन्यांच्या भिंती जाड होत जातात आणि दोन-तीन वर्षांत गुंता मिटतो.

साधने वाढली, तसा प्रश्न बदलला. न फुटलेल्या गुंत्याला हात लावावा का? ‘आरुबा’ या चाचणीचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. सरासरी ३३ महिन्यांत मृत्यू किंवा पक्षाघात केवळ औषधोपचारावर ठेवलेल्यांत १०.१ टक्के, तर गुंत्यावर उपचार झालेल्यांत ३०.७ टक्के आढळला. हा काळ अपुरा आहे, असा आक्षेप लगेच आला आणि तो रास्तही आहे. कारण गुंत्याचा धोका आयुष्यभराचा असतो.

विशीतल्या रुग्णाला आजही हाच हिशेब मांडावा लागतो. त्याच्यासमोर पहिला शब्द ‘गाठ’ आला की ‘गुंता’, यावर त्याची भीती आणि कदाचित त्याचा निर्णयही ठरतो. शब्दांचा अभ्यास करणाऱ्या आपल्याला हे परके वाटू नये.