गडांवरचा कथाकार

मुलांसाठीं ऐतिहासिक कथा लिहिणें हें सोपें काम, असा पुष्कळांचा समज दिसतो. कै. गो. नी. दांडेकर (१९१६–१९९८) यांचें उदाहरण ह्याच्या अगदीं उलट आहे. लहानपणींच घर सोडलेल्या ह्या गृहस्थांनीं पुढें तळेगांव दाभाडे येथें राहून लेखणीवर चरितार्थ चालविला. परंतु त्या लेखणीची सामग्री ते पायांनीं मिळवीत. १९४८ सालीं विलीन झालेल्या भोर संस्थानांतले राजगड व तोरणा हे वेल्ह्याचे गड ते पुनःपुन्हां चढले. ‘झुंजार माची’ हें त्यांच्या कादंबरीचें नांव तोरण्यावरील एका माचीचेंच होय. दप्तरांतून सन मिळतात. चढणीची धाप मिळत नाहीं. ती ज्याला ठाऊक नाहीं, त्याचा मावळा मुलें तत्काळ खोटा ठरवितात. आम्हां अध्यापकांनीं एवढें तरी ध्यानांत ठेवावें.