चित्रपटगृहाच्या दारावरचें अक्षर

ज्या दारावर 'प्रवेश बंद' अशी पाटी लागते, त्याच दारापाशीं मुलें अधिक घुटमळतात, हा अनुभव जुनाच आहे. इंग्लंडांतील चित्रपटांच्या वर्गवारीचा इतिहास त्याचीच साक्ष देतो.

1912 सालीं तेथें चित्रपट-परीक्षणाचें मंडळ स्थापन झालें. सर्वांस योग्य त्या चित्रपटास 'यू' आणि प्रौढांस अधिक योग्य त्यास 'ए' अशीं अक्षरें त्यानें ठरविलीं. प्रथम तीं केवळ सूचनेपुरतीं होतीं. परंतु 1920 नंतरच्या कांहीं वर्षांत लंडनच्या काउंटी कौन्सिलनें व इतर नगरसंस्थांनीं नियम केला कीं, 16 वर्षांखालील मुलानें 'ए' चित्रपट आईबापांच्या किंवा पालकाच्या सोबतीनेंच पाहावा. हेतु स्तुत्य होता. पण मुलें चित्रपटगृहाच्या दारीं उभीं राहून अनोळखी माणसांस आपणांला आंत नेण्याची गळ घालूं लागलीं. उसना पालक मिळाला कीं नियमाचें समाधान होई. पडद्यावरील भयापासून मुलाला वांचवावें म्हणून केलेल्या नियमानें त्याला परक्याचा हात धरावयास लाविलें!

1932 सालीं भयपटांसाठीं 'एच' हें अक्षर आलें, आणि 1937 पासून असे चित्रपट 16 वर्षांखालील मुलांना बंद झाले. 1951 सालीं 'एच' ची जागा 'एक्स' नें घेतली. पुढें 1955 सालीं हॅमर कंपनीनें 'दि क्वाटरमास एक्स्पेरिमेंट' या चित्रपटाच्या इंग्रजी नांवांतील 'एक्स्पेरिमेंट' शब्दाचें आद्य 'ई' गाळून 'एक्स' च ठळक केला. चित्रपट चांगला चालला. धोक्याची खूण हीच जाहिरात झाली.

अमेरिकेंतील बुशमन व स्टॅक या संशोधकांच्या, 1996 सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतही पुष्कळ अंशीं हेंच आढळलें. नुसती माहिती सांगणाऱ्या पट्टीपेक्षां 'जपून पाहा' असें बजावणारी पट्टी हिंसक कार्यक्रमाची ओढ अधिक वाढविते.

हिंदुस्थानांत 'यू' व 'ए' हे वर्ग 1949 च्या दुरुस्तीनें आले. 'ए' ची मर्यादा येथें 18 वर्षें ठरली. 2023 च्या दुरुस्तीनें 'यूए' वर्गाच्या 7, 13 व 16 वर्षें अशा तीन पायऱ्या केल्या, आणि त्यांचा निर्णय आईबापांच्या विचारावर सोपविला. लंडनच्या मुलांना दारापाशीं हात धरणारा मिळाला, पण आंत काय आहे हें समजावून सांगणारा मिळाला नाहीं. तें काम कोणतेंही अक्षर करूं शकत नाहीं; तें घरांतच व्हावें लागतें.