एक आडनाव : भोसले

गेल्या वर्षी पोळ्याच्या पाडव्याला मुलीला घेऊन नागपुरास मारबत पाहावयास गेले होते. काळी मारबत पुढे आली तशी गर्दीतील एक आजीबाई म्हणाल्या, "ही बाकाबाई भोसलीण. इंग्रजांना मिळालेली." मुलगी चटकन म्हणाली, "आई, भोसले म्हणजे शिवाजी महाराजांचे आडनाव ना? मग त्या घरच्या बाईला अशी जाळायला का नेतात?" मला उत्तर देता आले नाही. माझी शाळा सातवीत सुटली; पुढचे सारे वाचन चूल सांभाळून झालेले. तरी वर्षभर पुस्तके आणून वाचली. त्यातून जे हाती लागले ते येथे मांडते.

भोसले म्हणजे एकच घराणे नव्हे. महाराजांचे पूर्वज वेरूळचे. आपले नागपूरकर भोसले पुण्याकडील हिंगणीचे. दोन्ही घराण्यांचा मूळपुरुष एकच होता की काय, यावर विद्वानांचे एकमत नाही. रघूजी राजे शाहू महाराजांच्या काळात इकडे आले. मौद्याहून आपण कार्तिकी पौर्णिमेस रामटेकला जातो, तेथील राममंदिराचा जीर्णोद्धार त्यांनीच केला. आणि त्यांचेच घोडेस्वार १७४२ पासून १७५१ पर्यंत बंगालवर स्वाऱ्या करीत होते. त्यांना तिकडे 'बर्गी' म्हणत, म्हणजे आपले बारगीर. बंगाली आयांच्या अंगाईत तो बर्गी अजून आहे, लेकरांना भिववून निजवण्यासाठी! इकडे देऊळ उभारणारा राजा तिकडे बागुलबुवा झाला.

दूर दक्षिणेत तंजावरलाही भोसलेच. महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी १६७५ च्या सुमारास तेथे राज्य मिळविले. त्या वंशातील दुसऱ्या सरफोजी राजांनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढविले, आणि १८०३ मध्ये तेथील मोठ्या देवळाच्या भिंतीवर भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरविला. तामीळ मुलखातील देवळावर मराठी अक्षरे! एकदा डोळ्यांनी पाहावे अशी फार इच्छा आहे.

आता बायकांकडे वळू. जिजाऊ आपल्या वऱ्हाडातील सिंदखेडराजाच्या जाधवांची लेक. औरंगजेबाशी १७०० पासून सात वर्षे झुंजणारी ताराबाई मोहित्यांची. आशाताई भोसले तर मंगेशकरांच्या. आडनाव सासरचे, पण त्याला मोठेपणा आणला माहेराहून आलेल्या लेकींनी. हे मी घरी बोलून दाखविले तेव्हा आमच्याकडे कोणी काही बोलले नाही.

बाकाबाई ही दुसऱ्या रघूजींची राणी. १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर अप्पासाहेबांचा पराभव झाला. पुढच्या वर्षी तिसरे रघूजी लहान वयात गादीवर आले, तेव्हा कारभारात बाकाबाईचे नाव होते. खरी सत्ता रेसिडेंट जेंकिन्सच्या हाती. १८५३ च्या डिसेंबरात हे रघूजी वारले. पोटी मुलगा नव्हता. त्याच सबबीखाली डलहौसीने १८४८ मध्ये सातारा, १८५४ मध्ये नागपूर आणि १८५५ मध्ये तंजावर घेतले. सात वर्षांत एकाच आडनावाच्या तीन गाद्या गेल्या! तंजावरच्या राणी कामाक्षीबाई कंपनीविरुद्ध न्यायालयात गेल्या. साताऱ्याच्या नि तंजावरच्या राण्यांची मारबत कोणी काढीत नाही.

बाकाबाईचा दोष नाहीच, असे मी म्हणत नाही. १८५७ मध्ये तिने नागपुरात उठाव होऊ दिला नाही, तो डाग तिच्या नावावर राहणारच. पण राज्य तिने दिले, हे काही खरे नव्हे. राज्य खालसा झाल्यावर वाड्यातील हत्ती, घोडे, बैल कवडीमोलाने विकले गेले. जॉन के नावाच्या इंग्रज इतिहासकाराने लिहिले आहे की, वाड्यातील सामान हलवू लागले तेव्हा ऐंशीच्या घरातील बाकाबाईने वाडा पेटवून देण्याची धमकी दिली. सामान गेलेच, जडजवाहीरही विक्रीसाठी कलकत्त्याला गेले, म्हणजे त्याच बंगालात. बाकाबाई १८५८ मध्ये वारली. काळी मारबत १८८१ पासून निघते असे सांगतात. म्हणजे ती गेल्यावर तेवीस वर्षांनी.

मुलीला हे सारे वाचून दाखविले. ती म्हणाली, "मग यंदा आधी महालातला भोसल्यांचा वाडा पाहू, नंतर मारबत." तसे ठरले आहे. कोणास यायचे असल्यास सकाळच्या पहिल्या एस. टी.ने निघू.