सीझरला गॉल कशासाठी हवा होता?

ज्युलियस सीझर म्हटले की महान सेनापती, हेच आपल्याला शिकवले जाते. इ.स.पू. ५८ ते ५० या काळात त्याने गॉल, म्हणजे आजचा फ्रान्स, बेल्जियम आणि आसपासचा मुलूख जिंकला. आम्ही विचारतो, या विजयाची गरज रोमला होती की सीझरला?

सीझरचे उत्तर त्याच्याच पुस्तकात आहे. रोमच्या सीमेला धोका होता, मित्र जमातींनी मदत मागितली, म्हणून लढलो! पण ज्या एरिओव्हिस्टस या जर्मन राजाला त्याने इ.स.पू. ५८ मध्ये शत्रू ठरवून झोडपले, त्यालाच आदल्या वर्षी सिनेटने 'रोमन जनतेचा मित्र' ही पदवी दिली होती. तेव्हा कॉन्सल कोण होता? खुद्द सीझर! एका वर्षात मित्राचा शत्रू कसा झाला?

उत्तर रणांगणात नाही, सीझरच्या कर्जाच्या वहीत आहे. खेळ, मेजवान्या आणि निवडणुकांवर उधळपट्टी करून तो गळ्यापर्यंत कर्जात बुडाला होता. इ.स.पू. ६१ मध्ये स्पेनला सुभेदार म्हणून जाताना सावकारांनी त्याची वाट अडवली. धनाढ्य क्रासस ८३० टॅलंटला जामीन राहिला, तेव्हा तो निघू शकला, असे प्लुटार्क सांगतो.

दुसरे कारण खटल्याची भीती. कॉन्सल असताना त्याने सहकारी बिब्युलसला गुंडगिरीने पळवून लावून कायदे रेटले होते. पद संपताच विरोधक त्याला कोर्टात खेचायला टपले होते. पण सुभेदारावर पदावर असेपर्यंत खटला चालत नसे. म्हणून आधी पाच वर्षांची आणि इ.स.पू. ५५ मध्ये आणखी पाच वर्षांची मुदत त्याने मिळवली.

याची किंमत कोणी मोजली? सीझरच्याच आकड्यांनुसार, घर सोडून निघालेल्या ३ लाख ६८ हजार हेल्वेटी आणि त्यांच्या सोबतच्या जमातींच्या लोकांपैकी १ लाख १० हजार परतले. इ.स.पू. ५७ मध्ये आदुआतुची जमातीची ५३ हजार माणसे एकाच वेळी गुलाम म्हणून विकली गेली. अलेशियाच्या विजयानंतर प्रत्येक सैनिकाला लुटीत एकेक कैदी मिळाला. आकडे फुगवलेले असतीलही. पण मारलेल्यांची संख्या अभिमानाने फुगवणारा माणूस कसला रक्षणकर्ता?

कोणी म्हणेल, रोमचे सगळेच सरदार असे करत होते. अगदी बरोबर! निवडणुकीत कर्ज काढायचे आणि ते प्रांत लुटून फेडायचे, ही तिथली व्यवस्थाच होती. सीझर तिच्यात सर्वांत यशस्वी ठरला, एवढेच. गॉलच्या पैशाने त्याने रोममधले पुढारी विकत घेतले. मुदत संपत आली तेव्हा इ.स.पू. ४९ मध्ये तो सैन्य घेऊन रुबिकॉन ओलांडून आपल्याच देशावर चालून गेला. इ.स.पू. ४४ मध्ये तो तहहयात हुकूमशहा झाला.

राजकारणातली विभूतिपूजा हुकूमशाहीकडे नेते, हा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला. रोममध्ये नेमके हेच घडले होते.

मित्रांनो, गॉलच्या बाजूने लिहिलेला या युद्धाचा एकही ग्रंथ आपल्यापर्यंत आलेला नाही. जिंकणाऱ्याच्याच लेखणीतून हरलेल्यांचा आवाज शोधावा लागतो. म्हणून कोणत्याही 'महान विजया'ची गाथा वाचताना आधी तीन प्रश्न विचारा : लिहिले कोणी, पैसा कोणाला मिळाला आणि मेले कोण?