कुर्ल्याची जाळी, डेट्रॉइटचे पंख

सन १९५६. तुम्ही बोनकोड्याच्या बांधावर उभे आहात. समोर भातखाचरं, पुढे खारफुटी, तिच्यापलीकडे ठाण्याची खाडी. वाशीच्या पुलाला अजून सतरा वर्षं आहेत आणि नवी मुंबई उभारणाऱ्या सिडकोचं नाव कुणाच्या कानावर पडलेलं नाही. भरती साधून होडीत बसा. पलीकडे उतरून आग्रा रोडला लागलात की पुढे कुर्ला.

प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या शेडमध्ये शिरा. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी ही कंपनी १९४४ मध्ये काढली आणि १९४७ मध्ये इथून पहिली गाडी बाहेर पडली. वालचंदांना जाऊन आता तीन वर्षं झाली, पण अमेरिकेच्या क्रायस्लरशी केलेला करार चालू आहे. लाकडी पेट्या फोडून सुटे भाग काढले जात आहेत. ताज्या रंगाचा आणि ग्रीसचा वास घशाला लागतो. तुमच्यासमोर तीन गाड्या रांगेत उभ्या आहेत: प्लायमाउथ सॅव्हॉय, डॉज किंग्जवे, डिसोटो डिप्लोमॅट. दरवाजे तेच, छत तेच, काचा त्याच.

"दादा, यातली डॉज कुठली?" तुम्ही फिटरला विचारता.

"जाळी बघा," तो पान्यावरची नजर न काढता सांगतो. "बाकी प्लायमाउथच आहे."

तो सांगतो ते शब्दशः खरं आहे. किंग्जवे आणि डिप्लोमॅट या परदेशी बाजारासाठी काढलेल्या गाड्या. अंग प्लायमाउथचं, तोंड तेवढं वेगळं. मुंबईच्या गिऱ्हाइकाला त्याचं काही वाटत नाही. शिवडीला जनरल मोटर्सने १९२८ पासून शेवरोले जोडल्या, तो कारखाना १९५४ मध्ये बंद झाला. गाड्या नुसत्या जोडू नका, इथे बनवा, असं सरकारचं धोरण ठरलं आणि फोर्डनेही गाशा गुंडाळला. आता जे मिळतं ते घ्यायचं.

पण इतक्यात निघू नका. गाडीच्या मागे जा आणि खाली वाका. मडगार्ड डिकीकडे जाता जाता हलकेच वर उचललं आहे. हा क्रायस्लरचा रचनाकार व्हर्जिल एक्सनरचा हात. त्याच्याआधी क्रायस्लरच्या गाड्या उंच, पेटीसारख्या असत, कारण कंपनीचे प्रमुख के. टी. केलर यांचा आग्रह होता की माणसाला हॅट घालून आत बसता आलं पाहिजे. एक्सनरने छत खाली आणलं आणि १९५५ पासून सगळी गाडी पुढे झेपावल्यासारखी दिसू लागली. मडगार्डाच्या या पंखांची सुरुवात मात्र त्याची नव्हे. ते मूळ कॅडिलॅकचे, १९४८ चे. जनरल मोटर्सच्या हार्ली अर्लच्या चमूने लॉकहीडच्या पी-३८ या लढाऊ विमानाच्या शेपटीवरून घेतलेले. कुर्ल्याच्या या पत्र्यात डेट्रॉइटमधली सगळी ईर्ष्या उतरली आहे, आणि फिटर ती रोज हाताने बसवतो आहे.

आता काही वर्षं पुढे सरका. साठीचं दशक. ठाणे-बेलापूर रस्त्याकडेला कारखाने उठत आहेत. धूळ उडवत एक शेवरोले इंपाला जाते आणि रस्त्यावरची पोरं तिच्यामागे धावतात. नवी आयात जवळपास बंद, म्हणून वकिलातींनी वापरलेल्या गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जातात. चित्रपटात इंपाला दिसली की तिचा मालक किती श्रीमंत हे वेगळं सांगावं लागत नाही. ज्या पोरांनी गाडीचं दार कधी उघडून पाहिलेलं नाही, तीही तिची शेपटी दुरून ओळखतात. गाडीची ओळख म्हणजे हीच, असं मला वाटतं: धुळीतून, मागून, क्षणभर दिसली तरी चुकू नये ती.

ही ओळख अमेरिकेने स्वतःच्या हाताने कशी घालवली ते बघायला डेट्रॉइटला चला. वर्ष १९८२. शोरूममध्ये कॅडिलॅक सिमारॉन उभी आहे. आत चामड्याच्या बैठका, नाकावर मानाचा बिल्ला. मागे जा, बाजूने बघा. ही शेवरोले कॅव्हेलियर आहे, जनरल मोटर्सची स्वस्त छोटी गाडी. कुर्ल्यातलाच खेळ, पण इथल्या गिऱ्हाइकापुढे दहा पर्याय आहेत आणि तो बिल्ल्यासाठी बरेच जास्त पैसे मोजतो आहे. त्याने फसवणूक ओळखली. १९८८ मध्ये सिमारॉन बंद पडली, तरी डाग राहिला. तरुण श्रीमंत अमेरिकन तोवर जर्मन गाड्यांकडे वळले होते.

म्हणूनच मला २००२ साल फार मोलाचं वाटतं. तिथे जरा थांबा. कॅडिलॅक सीटीएस नुकतीच विक्रीला आली आहे. बॉनेटच्या कडेवर बोट ठेवा: घडी घातलेल्या कागदाची असावी तशी धार. गोलाई जवळजवळ नाहीच. या धारेमागे रडारला चुकवणारी, सपाट पैलूंची स्टेल्थ विमानं आहेत. १९४८ मध्येही कॅडिलॅकने विमानाकडेच पाहिलं होतं. पुढचे दिवे आडवे न पसरता एकावर एक, उभे. १९६५ च्या कॅडिलॅकवर ते असेच होते. मागे वळा. मागचे दिवेही उभे, काठाला लागून, वरपासून खालपर्यंत. पंख कधीच गेले, पण पंख जिथे असायचे तिथे आता लाल उजेड आहे. कुणी जुन्या गाडीची नक्कल केलेली नाही. घराण्याची चीज नव्या गवयाच्या गळ्यातून यावी तसं हे झालं आहे. पुष्कळांना तेव्हा ती कुरूप वाटली. मला तिच्यातलं धाडस आवडतं, कारण बीएमडब्ल्यूसारखं दिसणं त्या घडीला सोपं होतं. पुढच्याच वर्षी 'द मॅट्रिक्स रीलोडेड'मधल्या महामार्गावरच्या पाठलागात ती जगभर दिसली.

दोन वर्षांनी क्रायस्लर ३००सी आली. रचनाकार राल्फ गिलेस. कंपनी तेव्हा जर्मन डाइम्लरच्या ताब्यात होती आणि गाडीच्या पोटातले काही महत्त्वाचे भाग मर्सिडीजकडून आलेले. तरी तिला जर्मन म्हणून दाखवा! कंबर उंच, काचा अरुंद, समोर चौकोनी घरांची भलीमोठी जाळी. नाव १९५५ च्या सी-३०० वरून, आणि ती एक्सनरची. कुर्ल्यातल्या मडगार्डावर ज्याचा हात तुम्ही पाहिलात तोच.

लिंकनने २०१६ मध्ये कॉन्टिनेंटल परत आणली. तिच्याकडे आठवायला १९६१ ची गाडी होती, रचनाकार एल्वुड एंगलची, बाजू सपाट आणि अंगावर एकही वायफळ रेघ नसलेली. नव्या गाडीत दाराच्या मुठी काचेखालच्या क्रोमच्या पट्टीत दडवल्या. ही खूण सुंदर आहे, पण एकटी पडते. बाकीच्या अंगात तेवढी ठाम भूमिका मला सापडत नाही.

यापुढचं भरभर बघून घ्या. लोक उंच एसयूव्हींकडे गेले. २०२० मध्ये कॉन्टिनेंटल थांबली, त्याच वर्षी अमेरिकेतली कॅडिलॅक सीटी६ थांबली, २०२३ च्या डिसेंबरात शेवटची क्रायस्लर ३०० बाहेर पडली. रूप फसलं म्हणून सेडान गेली नाही. ती गेली तेव्हा रूप पुन्हा जागेवर आलेलं होतं, आणि याचंच मला जास्त वाईट वाटतं. कॅडिलॅकचे उभे दिवे आता तिच्या एसयूव्हींवर दिसतात.

२०२५ मध्ये बोनकोड्याला परत या. खाचरं नाहीत, शेजारी कोपरखैरण्याचे सेक्टर आहेत. गावठाणाच्या बोळात इमारती एकमेकींना खेटून उभ्या, दोन्ही बाजूंना गाड्या लागलेल्या. जुलैमध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात टेस्लाचं दालन उघडलं, म्हणजे मुंबईत आणखी एक अमेरिकन गाडी विकायला आली आहे. पण ती मॉडेल वाय, उंच बांध्याची, आणि तिला जाळीच नाही. विजेच्या गाडीला पुढून तेवढी हवा लागत नाही.

बोळातल्या सेडान शोधा. बहुतेक टॅक्सी-परवान्याच्या मारुती डिझायर. एकीच्या मागे उभे राहा. छप्पर उतरतं आणि डिकी सुरू होताच संपते. चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांना २००६ पासून कर कमी लागतो, म्हणून डिझायर २०१२ मध्ये ३,९९५ मिलिमीटरांत बसवली गेली. १९५९ ची कॅडिलॅक याहून दीड मीटरांपेक्षा जास्त लांब होती आणि ती सगळी लांबी तिच्या पंखांच्या कामी आली. इथे शेवटचा हातभर पत्रा कराच्या कोष्टकाने कापला. तीन खणांची गाडी म्हणून सेडानची जी काही ओळख आहे ती याच हातभर पत्र्यात असते, आणि आपल्या रस्त्यांवर एक सबंध पिढी तो न पाहता मोठी झाली आहे.